हरणाऱ्या संघाचा कप्तान



कुर्डुवाडी हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. इथे चौकात गप्पा चालतात त्या उसाच्या, डाळिंबाच्या, उशिरा येणाऱ्या गाडीच्या आणि क्रिकेटच्या. आमच्या घरात फुटबॉल शिरला तो २०१७ साली. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला आणि सामने नवी मुंबईतही झाले. त्याआधी सप्टेंबरमध्ये सरकारने महाराष्ट्रभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा बेत केला होता. शाळाशाळांतून चेंडू आले. आमचा थोरला तेव्हा पाचवीत होता. त्या दिवशी पायाला लागलेला चेंडू त्याने पुढे सोडलाच नाही.

आता तो कॉलेजसाठी कोल्हापुरात आहे, म्हणजे आगीत तेलच. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे गाव तिकडे लोटते. सुट्टीला मिरजेकडच्या गाडीने घरी आला की पिशवीतून आधी बूट निघतात, मग धुवायचे कपडे आणि सगळ्यात शेवटी पुस्तके.

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला मडगावात भारत आणि सिंगापूर यांचा सामना होता. आशिया चषकात जायचे तर तो जिंकणे भागच होते. थोरला घरीच होता. त्याने मोबाईल टीव्हीला जोडला. आमचे चाचा आले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सारी हयात गेली. मुलांचे मामू आले. धाकटी नववीत आहे, ती वही घेऊन कोपऱ्यात बसली, पण लक्ष सारे टीव्हीकडे. छांगटेने चौदाव्या मिनिटालाच गोल मारला तेव्हा सगळे घर उभे राहिले. इशाच्या जमातीला आम्ही गेलो ते एक-शून्य असताना. परत आलो तर एक-एक झालेले. पुढच्या अर्ध्यात सिंगापूरने आणखी एक घातला. सोंग उई-यंग या एकाच खेळाडूचे दोन्ही गोल. सामना संपला आणि २०२७ साली सौदी अरेबियात होणाऱ्या आशिया चषकाचा दरवाजाही बंद झाला.

त्यानंतर घरात जो वाद रंगला, त्यावर आज लिहायचे आहे. (घरात आमची बोली दखनी. इथे ती मराठीत मांडत आहोत.)

मामूंनी सुरुवात केली. "हा कोच आहे का पुतळा? संघ बुडतोय आणि हा हाताची घडी घालून उभा! जरा ओरड, जरा पेटव पोरांना!"

थोरला लगेच उसळला. "मामू, ओरडून गोल होत नाहीत."

"होतात! स्टिमॅक ओरडायचा. २०२३ साली सॅफ चषक कोणी जिंकला?"

मामूंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. इगोर स्टिमॅक हे क्रोएशियाचे गृहस्थ भारताचे प्रशिक्षक होते. त्या स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध समोरच्या खेळाडूच्या हातचा चेंडू त्यांनी बाहेर उभ्या उभ्या हिसकावला आणि लाल कार्ड घेतले. पुढे कुवेतच्या सामन्यातही पुन्हा तेच. अंतिम सामन्यात ते बाकावर नव्हतेच. गोव्याचे महेश गवळी संघ सांभाळत होते आणि पेनल्टीवर चषक आपला झाला. थोरल्याने हाच मुद्दा पकडला. "म्हणजे ओरडणारा बाहेर बसला तेव्हा जिंकलो, मामू!" चाचा हसले. मग म्हणाले, "आणि तोच ओरडणारा पुढच्या वर्षी गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरला. मग त्याला घरी पाठवलं. ओरडल्यानं जिंकलं असं म्हणू नका, ओरडल्यानं हरलं असंही म्हणू नका. संघ कसा आहे ते बघा."

आम्ही थोरल्याची बाजू घेतली. म्हटले, माणसाला वेळ दिला पाहिजे. ऑगस्टमध्ये तर ते आले. आल्याआल्या ताजिकिस्तानात जाऊन यजमानांना त्यांच्याच घरी हरवले आणि क्रमवारीत कितीतरी वर असलेल्या ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक आणला. तेरा वर्षांनी भारतीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला आहे. एवढी घाई कशाला?

तेवढ्यात कोपऱ्यातून धाकटी म्हणाली, "अब्बा, हाँगकाँगकडून हरलो तेव्हा त्या स्पॅनिश कोचला तुम्ही त्याच रात्री घरी पाठवायला निघाला होता. मग यांना वेळ का? यांचं नाव खालिद आहे म्हणून?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही.

वाचकहो, खरे सांगायचे तर मुलीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. खालिद जमील आमच्या लाडके आहेत. जन्म कुवेतचा, पण खेळ आणि प्रशिक्षण यांची घडण मुंबईची. महिंद्रा युनायटेडकडून खेळले, पुढे मुंबई एफसीला वर्षानुवर्षे सांभाळले. मग थेट मिझोरामात जाऊन २०१६-१७ च्या हंगामात आयझॉल एफसी या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. ईशान्येकडच्या संघाने ती लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि तोही असा संघ जो आदल्या हंगामात खाली घसरला होता. बोलणे कमी, काम जास्त. असा माणूस कोणालाही आवडावा. पण आमच्या आवडण्यात त्यांच्या नावाचाही वाटा आहे, हे नाकारून चालणार नाही. आपल्या मुलांना दाखवायला आपल्यातला एखादा मोठा माणूस हवा असतो. तो जिंकला की आपली मान ताठ होते आणि हरला की कोणीतरी आपल्याच दारावर दगड मारल्यासारखे वाटते. नावावरून वाईट बोलणारे लोक असतात, तेही आपण जाणतो. म्हणून आपण आधीच ढाल पुढे करतो.

पण नावामुळे दोष देणारा आणि नावामुळे दोष झाकणारा, दोघांनीही तराजू खाली ठेवलेला असतो. सूरह निसामध्ये ईमानवाल्यांना न्यायावर ठाम उभे राहायला सांगितले आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जाणारी का असेना. हा हुकूम फक्त कोर्टकचेरीसाठी नाही. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसून आपण जे बोलतो, त्यालाही तो लागू आहे, कारण मुले न्याय तिथेच शिकतात.

तेव्हा न्यायाने बोलायचे तर असे. या संघाचे आजारपण एका माणसाने आणलेले नाही. स्टिमॅकनंतर आलेल्या मानोलो मार्केझ यांना आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीववर. पात्रता फेरीत मायदेशी बांगलादेशाशी शून्य-शून्य झाले आणि हाँगकाँगने शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हरवले, ते खालिद येण्यापूर्वी. गोल करायला माणूस नाही म्हणून २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशी ओलांडल्यावर परत बोलवावे लागले. २०२५ साली तर आयएसएलचा हंगामच अडकून पडला, खेळाडूंना धड सामने नव्हते. १९९६ साली जागतिक क्रमवारीत ९४ वा असलेला भारत २०२५ च्या नोव्हेंबरात १४० च्याही खाली गेला होता. पण याच तराजूत दुसरीकडे हेही टाकले पाहिजे की सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन ती राखता आली नाही आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने एक-शून्यने हरवले. बावीस वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवले. याचा जाब प्रशिक्षकाला द्यावाच लागेल, मग त्याचे नाव काहीही असो. ढाक्याच्या सामन्यानंतर आम्ही हे घरात मोठ्याने बोललो. धाकटी काही म्हणाली नाही, फक्त मान हलवली.

वाद इथेच मिटला असता. पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातच एक सामना हरला गेला.

मोहल्ल्यातल्या पोरांचा संघ आहे, थोरला त्याचा कप्तान. रविवारी रेल्वे कॉलनीजवळच्या मैदानावर बार्शीहून आलेल्या पोरांशी सामना ठरला. खेळ बरोबरीत चालला होता. शेवटच्या मिनिटाला एक साधा चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातांतून निसटून आत गेला. गोलकीपर दहावीतला पोरगा, अंगाने किरकोळ. आमचे चिरंजीव, जे मामूंना ओरडून गोल होत नाहीत असे शिकवत होते, तेच सगळ्या मैदानासमोर त्या पोरावर ओरडले. "तुला उभा केला हीच माझी चूक," इथपर्यंत शब्द गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची अम्मी दारात आली. हातात एक पिशवी, पिशवीत हातमोजे. थोरल्यानेच आपले जुने त्याला दिले होते. "भाईजानचे आहेत, परत द्यायला सांगितलंय," एवढेच म्हणाल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

आम्ही थोरल्याला समोर बसवले आणि सुरुवात केली. राग, सब्र, हदीस. बलवान तो नव्हे जो दुसऱ्याला लोळवतो, बलवान तो जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे आणि ती आमच्या तोंडपाठ आहे. आमचा आवाजही बराच चढला होता. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला जिंकायचं होतं, अब्बा. हरल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. खालिद सरांसारखं मला नाही जमत."

चाचा अंगणात तसबीह घेऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, "त्याला कसं जमेल? बारावीचा निकाल लागला त्या दिवशी चार पाहुण्यांसमोर तू त्याला काय बोललास ते मी ऐकलंय. 'तुझ्यावर पैसे घातले हीच चूक.' शब्दसुद्धा तुझेच आहेत."

वाचकहो, हे लिहिताना हात जड होतो आहे. त्या दिवशी आम्हाला कळले की घराचा कप्तान आम्ही आहोत आणि पोराने कप्तानी आमच्याकडूनच उचलली आहे. जिंकताना सगळेच कप्तान चांगले असतात. पास झालेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवायला काय लागते? बाप कळतो तो नापासाच्या दिवशी. नवरा कळतो तो दुकान बसल्यावर. सासू कळते ती सुनेच्या हातून दूध उतू गेल्यावर.

अशा वेळी आम्हाला उहुद आठवते. कुठे उहुद आणि कुठे चेंडूचा खेळ! तुलना नाही, अल्लाह माफ करो. पण हारीनंतर नेतृत्व कसे असावे, हे त्याहून मोठ्या कसोटीवर कुठे दिसेल? हिजरी ३ मध्ये मदीनेच्या बाहेर जाऊन लढायचे की आत राहून, यावर प्रेषितांनी (स.) सल्लामसलत केली. तरुणांचा आग्रह बाहेर जाण्याचा होता, तो त्यांनी मानला. टेकडीवर पन्नास तिरंदाज बसवले आणि काही झाले तरी जागा सोडू नका, असे बजावले. विजय दिसू लागला तशी त्यांतल्या बहुतेकांनी जागा सोडली. पारडे फिरले. सुमारे सत्तर सहाबी शहीद झाले, हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. कोणाची चूक, हे साऱ्यांना ठाऊक होते.

त्यानंतर सूरह आले इमरानमध्ये जी शिकवण आली, तिचा आशय असा की तुमचे मन त्यांच्याशी मऊ राहिले ही अल्लाहची कृपा. तुम्ही कठोर असता तर हे लोक तुमच्याभोवतून पांगले असते. तेव्हा त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमा मागा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. आमचे लक्ष नेहमी शेवटच्या भागावर अडते. ज्यांचा सल्ला नुकताच महागात पडला होता, त्यांचाच सल्ला पुढेही घ्या, असे सांगितले आहे. माफी म्हणजे नुसते ओठांनी 'जाऊ दे' म्हणणे नव्हे. माफी म्हणजे चुकलेल्याला पुन्हा त्याच्या जागेवर उभे करणे. आणि मऊपणा म्हणजे चूक झाकणेही नव्हे. टेकडी सोडली ही चूकच, हे कुरआनने स्पष्ट सांगितले आहे. चूक चूक म्हणून सांगितली गेली, पण माणूस टाकून दिला गेला नाही.

फुटबॉलमध्येही आपल्या देशाने असा कप्तानांचा कप्तान पाहिला आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. 'मैदान' हा चित्रपट आला तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाला युगोस्लाव्हियाने दहा-एकने हरवले. त्या थंडीत आपले कितीतरी खेळाडू अनवाणी खेळत होते. रहीमसाहेबांनी कोणा एका खेळाडूच्या माथी ती हार मारली नाही. कारण शोधले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, खेळण्याची पद्धत बदलली आणि चारच वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत खेळला.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी तर कर्करोगाने त्यांना पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून दोन-शून्यने हरले. पुढे बचावपटू जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही, उलट पुढच्या फळीत आणले. त्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केला. ४ सप्टेंबरला त्याच दक्षिण कोरियाला दोन-एकने हरवून सुवर्णपदक आले. अंतिम सामन्यापूर्वी त्यांनी पोरांकडे फक्त सोन्याची भेट मागितली, असे खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पुढच्या जूनमध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. त्या माणसाला भावना नव्हती असे कोण म्हणेल? पण ती भावना त्यांनी पोरांच्या अंगावर ओतली नाही, पोरांच्या हाती दिली.

मामूंचे म्हणणेही म्हणून आम्ही पुरते टाकून देत नाही. घरात, संघात ऊब लागते. बापाच्या तोंडून एक शब्द निघत नाही, तेव्हा मुलांना तो रागाहून भयंकर वाटतो. गप्प राहणे म्हणजे सब्र नव्हे. कधी कधी ते नुसते तोंड फिरवणे असते. बोलावे, पण काय बोलावे ते आधी ठरवावे.

आमच्या घरात आता चार गोष्टी ठरल्या आहेत. इतरांनाही उपयोगी पडतील म्हणून लिहितो. चूक सांगायची ती एकट्याला, चारचौघांत नाही. राग आला असेल त्या घडीला निकाल द्यायचा नाही. उभे असू तर बसावे, वुजू करावा, ही आपली जुनी शिकवण आहेच. बोलायचे ते कामाविषयी, माणसाच्या लायकीविषयी नाही. आणि चुकलेल्याला पुन्हा एकदा तेच काम द्यायचे.

त्या दिवशी आम्ही मुलाची माफी मागितली. बापाला ते सोपे नसते. बारावीच्या त्या दिवसाचे शब्द आम्ही परत घेतो, असे त्याच खोलीत, चाचांसमोर म्हटले. शब्द चारचौघांत गेले होते, म्हणून माफीही चारचौघांत. मुलगा काही बोलला नाही. असरनंतर ती हातमोज्यांची पिशवी उचलून निघाला. आम्ही कुठे चाललास असे विचारले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आणि चाचा मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. गोलात तोच पोरगा उभा होता, हातात तेच हातमोजे. त्या दिवशीही त्याने दोन गोल खाल्ले आणि आमची पोरे हरली. दुसऱ्या गोलानंतर थोरला धावत त्याच्यापाशी गेला. आमची छाती धडधडली. त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या खांबाकडे बोट करून काहीतरी समजावले आणि चेंडू घेऊन मध्यावर परत गेला.

चाचा म्हणाले, "काय सांगितलं असेल रे?"

आम्ही म्हटले, "काम सांगितलं, चाचा."